पेराकचे रबर, खामगावचे जिन

जळगाव जामोद,
ता. ६ ऑक्टोबर १९४१

तीर्थरूप दादांस,
वासंतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडील क्षेम असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुमच्याकडील क्षेम विचारावे अशी आज माझी मनःस्थिती नाही.

काल खामगावात कापसाची सरकी काढायचे जिन चालवणाऱ्या वैजनाथराव जिनवाल्यांच्या पत्नी कौशल्याबाई दसऱ्याचे सोने द्यायचे निमित्त करून आमच्याकडे आल्या. माझी त्यांची ओळख तुमच्या ओसरीवर एकदा पाहिल्यापुरती. चहा झाला. मग त्यांनी शरयूला उभी केली, चार पावले चालवली, वेणी हातात घेऊन लांबी पाहिली. मी काही विचारण्याच्या आत म्हणाल्या की, बाई, तुमचे पैसे त मांगच आमच्या जिनात आले, आता पोरगीबी येऊ द्या, म्हंजे घरचं घरातच राहीन. कोणते पैसे, असे मी विचारले तर त्या हसल्या. म्हणाल्या, तुमच्या रबराचे. तुमच्या भावानं, वकीलसाहेबांनी मांगच्या साली शेअर इकून आमच्या हवाली केले ना, काऊन, तुमाले सांगतलं नाही का?

दादा, मला सांगितले नाही.

शरयूचे बाबा मलायात पेराकच्या रबराच्या मळ्यावर डॉक्टर असताना, बत्तीस साली रबराचे भाव इतके पडले की मळ्याने झाडांना चाकू लावणे बंद केले होते. ऑफिसातले कारकून आपापले शेअर मिळेल त्या भावाला विकून मोकळे होत होते, तेव्हा यांनी पगारातून थोडे थोडे करून ते घेतले. शरयूला शिकवायची म्हणून घेतले. पाच वर्षांनी ते गेले आणि मी तुमच्या दारी आले, तेव्हा आपण सही कुठे करतो हेही मला दिसत नव्हते. तुम्ही मुखत्यारपत्र पुढे केलेत. ती सही बँकेतून डिव्हिडंड आणण्यासाठी होती, शेअर विकण्यासाठी नव्हती.

आणि गेले वर्षभर सहामाहीला मनिऑर्डर धाडून तिच्या कुपनावर स्वतःच्या अक्षरात ‘रबराचा डिव्हिडंड’ असे लिहीत होतात, ते काय होते? नसलेल्या झाडांचा चीक का?

शरयू तुमच्या घरी राहून मॅट्रिक झाली. ते उपकार मी विसरलेले नाही. पण उपकाराच्या बदल्यात तिला कोणाच्या जिनात टाकण्याचा करार मी केलेला नव्हता.

लोभाचे पुढच्या पत्री पाहू. आधी उत्तर यावे.

वासंती


खामगाव,
ता. १० ऑक्टोबर १९४१

गं. भा. चि. वासंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. असे पत्र मला आपल्या वडिलांनी, तीर्थरूप अण्णांनीही कधी लिहिले नव्हते. तुझे पत्र कोर्टातून येऊन पगडी खुंटीला लावायच्या आत वाचले आणि मग जेवण गेले नाही, हे तुला कळावे.

होय, विकले. गेल्या वर्षी जपानने हिंदी चीनमध्ये पाय ठेवला त्याच महिन्यात विकले. तू शाळेत मुलींना नकाशा शिकवतेस; एकदा स्वतः पाहा. कंपनीचे डायरेक्टर लंडनला, झाडे मलायात, कागद कलकत्त्याच्या बँकेत आणि मालकीण जळगाव जामोदला! उद्या त्यांनी डिव्हिडंड दिला नाही, तर तू कोणाच्या दारात जाऊन बसणार? तो देतात तोही विलायतचा कर आधी कापून. लढाई लागल्यापासून तो कर किती वाढला हे तुला ठाऊक नाही, कारण हिशेब मी पाहतो. वैजनाथरावांच्या जिनाची चिमणी मला माझ्या ओट्यावरून दिसते. धूर दिसला नाही तर मी चपला घालून पाच मिनिटांत तिथे जाऊन विचारू शकतो. परदेशातल्या पैशाला हे सुख नाही.

तुला सांगितले नाही, कारण तू रडली असतीस, शरयूच्या बाबांची आठवण काढली असतीस आणि मी ढिला पडलो असतो. मनिऑर्डरीवर काय लिहिले हा मुद्दा क्षुल्लक आहे. पैसे वेळेवर पोचले की नाही?

स्थळाचे म्हणशील तर मुलगा बी. ए. आहे, निर्व्यसनी आहे, वडील माणसांपुढे मान खाली घालून बोलतो. डॉक्टर करायची म्हणून नागपूरला मुडदे फाडायला धाडण्यापेक्षा ते वाईट नाही. शांत डोक्याने विचार कर. माझे प्रेम पूर्वीप्रमाणेच आहे, तुझे तू बघ.

शरच्चंद्र


जळगाव जामोद,
ता. १६ ऑक्टोबर १९४१

तीर्थरूप दादांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

मायन्यात मला तुम्ही गं. भा. लिहिलेत. खुशाल लिहा. पण बाई विधवा झाली म्हणजे कायद्याने अज्ञान ठरते, असे कोणत्या कलमात आहे ते वकील म्हणून मला दाखवा.

मला तो मळा नकाशावर पाहावा लागत नाही. सहा वर्षे मी त्याच्या कुशीत राहिले. पहाटे तामिळ बाया चाकू घेऊन झाडांच्या ओळीत शिरत, सालीला तिरपी चीर देत, आणि उन्हे वर येईपर्यंत प्रत्येक झाडाखालच्या वाटीत दूध जमलेले असे. धुराच्या कोठीतल्या रबराचा वास माझ्या लुगड्यांना इतका बसला होता की जळगावात वर्षभर धुवूनही गेला नाही. कोणता साहेब चोर आणि कोणता कामाचा हे मला कंपनीच्या रिपोर्टातून कळलेले नाही. त्यांच्या बायकांची बाळंतपणे शरयूच्या बाबांनी केली आहेत.

चिमणी दिसते म्हणता. कापसाचा भाव कोसळतो तेव्हा खामगावात एकाच दिवशी सगळ्यांची तोंडे उतरतात, कारण सगळ्यांचे सगळे कापसातच असते. शेतकऱ्याचे, अडत्याचे, जिनवाल्याचे, आणि पक्षकाराकडे फी मागणाऱ्या वकिलाचेही. रबर दोन वर्षांत सावरले तेव्हा आपल्याकडे कापूस पडलेलाच होता. आपला पाऊस, आपली कीड, आपला बाजार यांच्याशी ज्याचा संबंध नाही असे थोडेसे काहीतरी जवळ असावे, एवढेच शरयूच्या बाबांचे म्हणणे होते. त्यात धोका नाही असे ते कधी म्हणाले नाहीत. अंतर आहे, लढाई आहे, परके राज्य आहे, पौंडाचा भाव आहे. पण तो धोका पत्करायचा की नाही हे ठरवणारी मी आहे.

मी रडले असते म्हणता. रडले असते, आणि मग हो किंवा नाही म्हटले असते. माझे रडणे चुकवण्यासाठी तुम्ही माझे बोलणेही चुकवलेत.

मुखत्यारपत्र मी काल इथल्या कचेरीत जाऊन रद्द केले. तशी नोटीस तुम्हाला वेगळी येईल. जिनातले पैसे काढून धाडावेत. स्थळाविषयी शरयू म्हणते की, मुलगा सारखी मान खाली घालून बोलत असेल तर त्याला समोरचे माणूस दिसणार कसे? हे तिचेच शब्द आहेत, मी शिकवलेले नाहीत.

मुलांना आशीर्वाद. तुमच्यासाठी नमस्कार लिहिला आहे तेवढा पुरे.

वासंती


खामगाव,
ता. १५ नोव्हेंबर १९४१

वासंतीवन्संस,
कोकिळेचा नमस्कार.

तुमच्या दादांले न सांगता लिहून राह्यली. मी सोनाळ्याची, तुमच्यासारखं शुद्ध मले लिहिता येत नाही. हसा, पण वाचा.

तुमची नोटीस आली तवा हे जेवाले बसले होते. पान तसंच टाकून उठले आन् तडक जिनात गेले. वैजनाथराव म्हणे की, पैसा मशिनीत गेला, तो काय गाडग्यात ठेवला हाये का काढून द्याले? मंग यायनं वजनकाट्यावरच्या हमालाईसमोर जो आवाज लावला, तो म्हणते आमच्या गल्लीपर्यंत आला. मी लग्न होऊन आली तवापासून यायचा असा आवाज आयकला नाही. कोर्टातबी काढत नाहीत. एवढं करून निम्मे निघाले. ते धाडले हायेत.

बाकीचे काऊन निघत नाहीत ते हे तुमाले लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. आपला आखूड धाग्याचा कापूस सारा जपान घेत होता. सरावनात सरकारनं जपानचा येव्हार बंद केला. तवापासून कापसाच्या गठाणी जिनाच्या आवारात पडून हायेत, त्यायच्यावर कुत्रे झोपते. चिमणीचा धूर आता आठवड्यात दोन दिवस दिसते. हे ओट्यावर बसतात, पण तिकडं तोंड करून नाही.

एक मागनं हाये. पैसे पोस्टात ठेवा. राग हाये त राग ठेवा, तुमचा हक्कच हाये. पण रागात खरेदी नका करू.

शरयूले माहा पापा. माया आटू देऊ नका.

कोकिळा


जळगाव जामोद,
ता. १ डिसेंबर १९४१

तीर्थरूप दादांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

निम्मे पैसे पोचले. ते मिळवताना तुम्हाला चारचौघांत बोलावे लागले असे कळले, त्याबद्दल वाईट वाटते. बाकी निम्मेही त्याच आवाजात मागावेत.

मागाहून कळण्यापेक्षा आधीच कळावे म्हणून लिहिते. कलकत्त्याच्या दलालाला तार करून मी त्याच कंपनीचे शेअर परत घेतले. भाव इतका उतरला आहे की निम्म्या पैशांत पूर्वीच्या पाऊणपट आले. लोक भिऊन विकतात तेव्हाच शरयूच्या बाबांनी घेतले होते. अमेरिका मिळेल तेवढे रबर भरून ठेवते आहे, आणि सिंगापूरला तोफांचा एवढा बंदोबस्त आहे की तिकडून काही येईल असे कोणीच म्हणत नाही. यंदाच्या डिव्हिडंडातून जून महिन्यात शरयूची नागपूरची फी भरीन.

वहिनींनी मला हे करू नका म्हणून बजावले होते. त्यांच्यावर रागावू नका. त्यांचे मी ऐकलेले नाही.

वासंती


खामगाव,
ता. ५ जानेवारी १९४२

चि. वासंतीस,
आशीर्वाद.

पेराक गेले. वर्तमानपत्र तुझ्याकडेही येतच असेल. तुझे पत्र हाती येऊन आठवडा झाला नाही तोच जपान उतरला, आणि महिना भरायच्या आत तुझा मळा, ती धुराची कोठी, तो दवाखाना, सगळे त्याच्या घशात गेले.

मी बुडत्या गलबतातून पैसे काढले तेव्हा तू मला नोटीस पाठवलीस. माझ्या पक्षकारांपुढे, त्या हमालांपुढे मला तमाशा करायला लावलास. आणि ते सोडवलेले पैसे घेऊन तू परत त्याच गलबतावर चढलीस! का, तर दादाने विकले होते म्हणून. मी विकले नसते तर तूही घेतले नसतेस, हे मला लिहून देतेस का? तोफांचे काय लिहिले होतेस? त्या तोफा समुद्राकडे तोंड करून आहेत म्हणतात आणि जपान रानातून सायकलींवर येतो आहे.

शरयूची फी आता कोठून भरणार? पोरीच्या शिक्षणाचा पैसा तू हट्टापायी घालवलास. बापाने साठवला, मी राखला आणि आईने घालवला. इतके कडक मी आजवर लिहिलेले नाही, पण हे लिहिल्यावाचून मला झोप येणार नाही.

वैजनाथरावांकडच्या निम्म्याविषयी सवडीने लिहीन.

शरच्चंद्र


जळगाव जामोद,
ता. १२ जानेवारी १९४२

तीर्थरूप दादांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

सवडीचे काय ते मला ठाऊक आहे. जिनाला कुलूप लागले हे नांदुऱ्याच्या मोटारीतून येणारा प्रत्येक माणूस इथे सांगतो. जपान येईल म्हणून तुम्ही पैसे मलायातून काढलेत, आणि जो धंदा जपान घेतो त्या कापसावर उभा, तिथेच नेऊन ठेवलेत. घरचा धंदा म्हणत होतात. त्याची गिऱ्हाइके जपानात कोबेला बसली होती हे तुम्ही तरी मला कधी सांगितलेत?

माझे म्हणाल, तर तुमचे खरे आहे. मी रागात घेतले. लिहून देते. तुमच्या चुकीचा राग आला तर पोस्टाला दोन पैसे पडतात. माझ्या चुकीचा आला तर फुकट, आरशात पाहिले की झाले. गेले तीन आठवडे मी आरशात पाहते आहे. पण माझे मी घालवले आणि माझेच तुम्ही घालवलेत, या दोन गोष्टी एक नाहीत. तेवढे मी शेवटपर्यंत म्हणत राहीन.

आणखी एक. वर्तमानपत्रात रबर गेले, कथील गेले असे छापतात. दवाखान्यातला कंपाउंडर, त्याची चार मुले, माझ्या परसात भाजी लावणारी मुनियम्मा, ही माणसे राहिली की गेली ते कोणी छापत नाही. शेअर गेल्याचे रडू मला आले नाही. ते वाचताना आले.

वहिनींना नमस्कार. उत्तर पाठवलेत तर वाचीन.

वासंती


उंद्री, ता. चिखली,
ता. २८ जून १९४२

ती. आई आणि ती. मामा यांस,
शरयूचा नमस्कार.

एकच पत्र दोनदा लिहिते आहे, एक जळगावला आणि एक खामगावला, म्हणजे कोणाला कमी-जास्त लिहिलं असा वाद नको.

इथल्या मुलींच्या शाळेत कालपासून रुजू झाले. अडतीस मुली, एक फळा आणि छपरात चिमण्या. किसनराव पाटलांनी त्यांच्या माजघराच्या मागची खोली दिली आहे. जेवण त्यांच्याकडेच. मुली माझ्या बोलण्याला हसतात. म्हणतात की, बाई पुस्तकावानी बोलून राह्यल्या.

आता रागाचं. मामा, तुम्ही आईला न विचारता विकलंत, ते वाईट. आई, तू तेच आठ-नऊ महिने मामांना सुनावलंस. पण ते पैसे माझ्या फीचे होते ना? मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिक झालेली होते, तुझ्यासमोर भाकरी थापत होते. तार करायला पोस्टात गेलीस तेव्हा तू मला विचारलंस? संध्याकाळी येऊन सांगितलंस. मामांनी तर तेही केलं नाही, म्हणून तू बरी, एवढाच फरक. विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं की, एका वर्षाची फी बाजूला ठेव आणि उरलेल्याचं तुला हवं ते कर. इतकं सोपं होतं. तुम्ही दोघं एकमेकांवर इतके चिडलेले होतात की ज्या मुलीवरून भांडत होतात ती कुणाला दिसलीच नाही.

मी पगारातून साठवून दोन वर्षांनी नागपूरला जाणार. मामा, त्या वेळी तुम्हाला मदत करावीशी वाटली तर करा, पण आधी मला विचारा. जिनवाल्यांच्या मुलाला माझा निरोप सांगा की मान वर करायला हरकत नाही, मी त्या घरात येत नाही.

रागावलेय, पण तुमचीच आहे.

शरयू


खामगाव,
ता. १९ नोव्हेंबर १९४७

चि. वासंतीस,
आशीर्वाद.

दिवाळीला तू आली नाहीस. शरयू नागपूरहून परस्पर इकडे येऊन दोन दिवस राहून गेली. आता शेवटचे वर्ष. कोकिळेची नाडी पाहून तिला मीठ कमी करायला सांगितले, तेव्हापासून आमच्याकडे सगळेच अळणी आहे.

तिच्याकडून कळले की रबराच्या कंपनीचा तुला पुन्हा डिव्हिडंड आला. तिच्याकडून! वासंती, मी तुझा सख्खा भाऊ. गेली तीन वर्षे शरयूच्या खानावळीचे बिल मी न चुकता भरले आणि ते तिला विचारून भरले. आणि एवढी बातमी मला भाचीच्या तोंडून ऐकावी लागते? मला न सांगता गप्प बसलीस याचा मला फार राग आला आहे.

असो. चौकशी केली. रबराला मागणी आहे, मोटारी वाढणार आहेत, आणि मळ्यांचे शेअर अजून स्वस्त आहेत म्हणतात. वैजनाथरावांचे जिन भंगारात गेले. सगळे इथेच ठेवण्यात अर्थ नाही, असे अलीकडे माझे मत झाले आहे. हे मत पूर्वी कोणाचे होते ते लिहून पाठवायची गरज नाही. तुझ्या कलकत्त्याच्या दलालाचा पत्ता धाड. कोकिळेच्या पाटल्या नुसत्या पडून आहेत. त्या मोडून पाहावे असा विचार आहे.

पत्ता परतटपाली यावा.

शरच्चंद्र


जळगाव जामोद,
ता. २४ नोव्हेंबर १९४७

तीर्थरूप दादांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

डिव्हिडंड आला. लहानसा आहे. शाळेतल्या मुलींना पेढे वाटले आणि उरला तेवढा ठेवला. तुम्हाला कळवले नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात की बघ, एवढ्याशासाठी सहा वर्षे घालवलीस, आणि मग आपण पुन्हा भांडलो असतो. तुमचा राग वाजवी आहे. कळवायला हवे होते.

कंपनी लिहिते की झाडे बरीच उभी आहेत, काही जळणासाठी तोडली. कंपाउंडरला जपान्यांनी सयामच्या रेल्वेच्या कामावर नेले. तो परत आला नाही. मुनियम्मा आहे.

पत्ता सोबत धाडते. माझे ऐकाल तर, उद्या लागणारा पैसा तिकडे पाठवू नका. सहा वर्षे त्या कागदांनी मला एक आणा दिला नाही. शरयू उंद्रीला दोन वर्षे राबली आणि तुम्ही खानावळ भरली, म्हणून ती डॉक्टर होते आहे, रबरामुळे नाही. दहा वर्षे विसरता येईल एवढाच पैसा परदेशी ठेवावा, आणि तोही एका मळ्यात नको.

आणि दादा, पाटल्या पडून आहेत असे लिहिलेत. त्या वहिनींच्या हातात आहेत. त्यांना विचारलेत का? त्यांची सही मागू नका, मत मागा. त्या काय म्हणाल्या ते मला त्यांनीच लिहावे.

राग धरा, पण येत्या संक्रांतीला या.

वासंती


खामगाव,
ता. ३० नोव्हेंबर १९४७

वासंतीवन्संस,
कोकिळेचा नमस्कार.

त्यायनं विचारलं. तीस वर्षांत पयल्यांदा. माह्या हातून तवा पडला.

मी म्हटलं, एक पाटली इका, एक नाही. त्याहीले दोन्ही पायजे होत्या. एकीनं काय होते, म्हणे. मी म्हटलं, मंग विचारलं कायले? रागानं ओट्यावर जाऊन बसले हायेत, जेवाले आले नाहीत.

येतीन. मी पान वाढून ठेवलं हाये.

कोकिळा